तुसातला विस्तव

अप्पाजीराव मास्तरांच्या घरात दोन गोष्टी चाळीस वर्षांहून जास्त टिकल्या होत्या. एक म्हणजे माजघराच्या कोपऱ्यातल्या मडक्यात तुसाखाली जपलेला विस्तव, आणि दुसरी म्हणजे लाकडी कपाटातली एक जाड वही. विस्तव रुक्मिणीबाईंचा आणि वही मास्तरांची. विस्तवाची चौकशी करायला अधूनमधून कोणी ना कोणी यायचं. वहीची चौकशी कधी कोणी केली नाही.

विस्तव त्यांच्या लग्नातला. सत्याहत्तर साली लग्नाच्या होमात जो अग्नी पेटला, तोच मडक्यात घालून वरातीबरोबर या घरी आला होता. माजघरात भिंतीला लागून विटांचा एक बुटका ओटा होता, त्याच्या माथ्यावर वाटीसारखा खळगा होता, आणि त्या खळग्यात ते मडकं बसायचं. तळाशी गोवरीचे निखारे, वर भाताचं तूस. तूस आतल्या आत धुमसत राहतं, बारा तासांना पुरतं. सकाळ-संध्याकाळ निखारा वर काढायचा, दोघांनी शेजारी बसून मूठभर तांदळाची आहुती द्यायची आणि पुन्हा झाकायचं. नवराबायकोपैकी जो आधी जाईल त्याच्या चितेला हाच अग्नी लावायचा, आणि मागे राहणाऱ्याचा त्यावर हक्क उरत नाही. अशी ती रीत. पूर्वी हे पुष्कळ घरांतून होतं. मराठी बोलणाऱ्यांत कुंभकोणमला आता हे एवढंच घर उरलंय, असं रुक्मिणीबाई म्हणायच्या. खरं खोटं मास्तरांनी कधी तपासलं नाही.

रुक्मिणीबाई विस्तवाला कधी तोंडाने फुंकत नसत. त्यांच्याजवळ वेळूची फुंकणी होती, टोकाला नाचियार्कोविलच्या कासाराकडून बसवून घेतलेलं पितळी कडं. तोंडाने फुंकलं तर थुंकी उडते, अग्नीला उष्टं लागतं, असं त्या म्हणत.

मास्तरांनी एकदा उत्साहाने सांगितलं होतं, "मागी लोकही असंच करीत. अग्नीपुढे उभं राहताना तोंडावर फडकं घेत, श्वास लागूं नये म्हणून."

"कोण मागी?"

"मीडांचे भटजी."

"असं कीं?" रुक्मिणीबाई म्हणाल्या. "मग त्यांच्या बायका घरात काय करत होत्या तें नाहीं का लिवलं कोणी?"

ते मास्तरांनी कुठे वाचलंच नव्हतं.

मास्तर शाळेत इतिहास शिकवायचे. नोकरीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी नववीच्या पुस्तकात एक ओळ आली: मीड लोकांच्या धर्माविषयी फारशी माहिती मिळत नाही. पुढच्या ओळीत पुस्तक दुसऱ्याच राजाकडे वळलं होतं. मास्तर त्या ओळीपाशी थांबले ते थांबलेच. मीड म्हणजे इराणच्या डोंगराळ मुलखातले फार जुने लोक. त्यांचं मोठं राज्य होतं, त्यांनी अ‍ॅसिरियनांची राजधानी धुळीला मिळवली, आणि पुढे पर्शियनांनी त्यांना आपल्यात असं मिसळून घेतलं की त्यांचं वेगळं काही उरलं नाही. त्यांनी स्वतः लिहिलेली एक ओळसुद्धा सापडत नाही. जे काही कळतं ते शेजाऱ्यांच्या तोंडून. एक ग्रीक इतिहासकार सांगतो की त्यांच्या सहा जमाती होत्या आणि त्यांतली एक मागी. मागी मंत्र म्हणायचे, स्वप्नांचे अर्थ सांगायचे, त्यांच्याशिवाय यज्ञ व्हायचा नाही. त्यांचं प्रेत आधी पक्ष्यांनी नाहीतर कुत्र्यांनी फाडल्याशिवाय पुरत नसत. डोंगरमाथ्यावर जाऊन आकाशाची, सूर्याची, अग्नीची, वाऱ्याची पूजा करायची, मूर्ती करायची नाही, असं तो पर्शियनांविषयी सांगतो. ते मीडांनाही लागू धरावं का? मास्तरांच्या वहीत या वाक्यापुढे प्रश्नचिन्ह होतं. तसं ते जवळजवळ प्रत्येक वाक्यापुढे होतं. असावे, बहुधा, म्हणता येईल, असं करत करत वही एकशे चाळीस पानांवर आली होती.

वही मराठीत होती. ते देवनागरी वडिलांकडून शिकले होते. गावात ती वाचू शकेल असं माणूस शोधूनही मिळालं नसतं, आणि मास्तरांना त्याचं बरंच वाटायचं.

जेवायला हाक मारताना रुक्मिणीबाई म्हणायच्या, "या. तुमच्या माणसांनाही घेऊन या. जेवून जाऊं देत."

हे झालं हसण्यावारी. पण वही आणि विस्तव यांची एकदा गाठ पडली होती, आणि ती गोष्ट मास्तरांशिवाय कोणालाच ठाऊक नव्हती.

एकोणीस वर्षांपूर्वी, मार्च महिन्यात, रुक्मिणीबाईंची आई तिरुनीलक्कुडीला शेवटच्या घटका मोजत होती. रुक्मिणीबाई विस्तव मास्तरांवर सोपवून गेल्या. जाताना दहा वेळा सांगून गेल्या. त्याच दिवशी दुपारी टपालाने मद्रासहून झेरॉक्स कागदांचा गठ्ठा आला. मास्तरांचे जुने सहकारी अनंतकृष्ण तिथल्या एका मोठ्या ग्रंथालयात जात असत. मीडांच्या एका टेकडीवर झालेल्या उत्खननाचा अहवाल त्यांनी पाठवला होता.

मास्तरांनी विचार केला, आता रात्रीपर्यंत उठायला नको. त्यांनी मडक्यात तूस घातलं. जास्त घातलं तर जास्त वेळ टिकेल म्हणून काठोकाठ भरलं आणि हाताने घट्ट दाबून बसवलं. मग ते वाचायला बसले.

त्या टेकडीवर मीडांचं अग्निघर सापडलं होतं. कच्च्या विटांची उंच खोली. आत कमरेइतका ओटा, आणि ओट्याच्या माथ्यावर उथळ खळगा, त्यात जाळाच्या खुणा. इथवर वाचून मास्तर माजघराकडे पाहून हसले होते. पण खरं नवल पुढेच होतं. ते घर कोणी पाडलं नव्हतं, लुटलं नव्हतं, जाळलंही नव्हतं. मीडांनी स्वतःच ते बंद केलं होतं. आधी ओट्याला धक्का लागू नये म्हणून त्याच्याभोवती भिंत रचली, मग सगळी खोली दगडाच्या चिपांनी भरत भरत तीन पुरुष उंचीपर्यंत नेली, आणि वरून विटा घातल्या. का केलं, कोणालाच सांगता येत नाही. वैर असतं तर इतकं जपून कोणी भरलं नसतं.

मास्तरांनी ते पान तीनदा वाचलं. भानावर आले तेव्हा चार वाजून गेले होते. मडक्याला हात लावला तर ते गार. दाबलेल्या तुसाला वारा मिळाला नव्हता, निखारा आतल्या आत गुदमरून गेला होता. त्यांनी तूस उपसलं, राख चाळली, फुंकणीने फुंकून पाहिलं. मग तोंडानेही फुंकलं. अठ्ठावीस वर्षांचा विस्तव गेला होता.

देवघरातल्या शिवकाशीच्या काडेपेटीतली एक काडी त्यांनी ओढली.

सांगायचं नाही असं त्यांनी ठरवलं नव्हतं. उलट, सांगायचंच असं ठरवलं होतं. घराचे पुरोहित होते. त्यांना बोलावून यावर काही ना काही करता आलं असतं. तिसऱ्या दिवशी रुक्मिणीबाई आईला पोचवून परतल्या. अंघोळ करून ओल्या केसांनी सरळ ओट्यापाशी गेल्या, फुंकणीने हलकेच फुंकर घातली, आणि निखारा लाल होताच तिथेच भिंतीला टेकून बसल्या.

"एवढं तरी राहिलं," त्या म्हणाल्या.

त्यानंतर मास्तरांच्या तोंडून शब्द फुटला नाही. त्या दिवशी फुटला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही, आणि मग सांगायला इतका उशीर का केला हेही सांगावं लागणार होतं.

त्याच वर्षी दिवाळीआधी त्यांची एकुलती एक मुलगी रम्या बाळंत व्हायची होती. नागपूरला. पहिलंच बाळंतपण आणि डॉक्टरांनी जपायला सांगितलेलं. तिने फोन केला, "आई, तूं ये. तीन महिने ये."

रुक्मिणीबाईंनी फोन धरूनच नवऱ्याकडे पाहिलं. "तुमच्याने होईल कां? तीन महिने सांभाळाल?"

मास्तर खाली पाहत म्हणाले, "मला जमायचं नाहीं."

खरं तर त्यांना म्हणायचं होतं की जा, त्या मडक्यात आता असं काहीच नाही ज्याच्यासाठी तू थांबावंस. पण ते म्हणायचं तर मार्चपासून सुरुवात करावी लागली असती. रुक्मिणीबाई फोनवर म्हणाल्या, "बाळा, अग्नी कोणावर सोडूं? तूंच इकडे ये." रम्याला प्रवास चालणार नव्हता. तिचं बाळंतपण सासूबाईंनी केलं. मुलगी झाली, कीर्ति. रुक्मिणीबाईंनी नातीला पाहिलं ती दीड वर्षाची झाल्यावर, तीही रम्या घेऊन आली तेव्हा.

त्या मार्चनंतर रुक्मिणीबाई एक रात्रही कुठे राहायला गेल्या नाहीत. नातीच्या बारशाला नाही, रम्याने नवं घर घेतलं तेव्हा नाही. साक्कोट्टैच्या देवळाला सुद्धा सकाळी जाऊन दुपारच्या आत परत. दर महिन्याला गिरणीवरचा रविशंकर मोपेडवर तुसाचं पोतं टाकून जायचा आणि त्या दारातच मूठभर तूस हातात घेऊन ओलं आहे का पाहायच्या. मास्तर ते पाहून आत जायचे.

यंदा मार्गशीर्षात रुक्मिणीबाईंची मूत्रपिंडं थकली. दवाखान्यात दहा दिवस झाले, मग डॉक्टरांनीच घरी न्यायला सांगितलं. त्यांनी आपली खाट माजघरात, ओटा दिसेल अशी घालून घेतली. शेजारच्या शिवकामी मामी सकाळ-संध्याकाळ कांजी घेऊन यायच्या. विस्तवाचं सगळं आता मास्तर करीत होते आणि रुक्मिणीबाई उशीवरून हुकूम सोडत होत्या.

"इतकें दाबूं नका. वारा जायला हवा कीं नको?"

"हो."

"चाळीस वर्सं बघताय. मडक्यांत मेलेल्या राजाला पुरताय जणूं."

एका सकाळी, बाहेर देवळाच्या भोंग्यावरचं भजन थांबल्यावर, त्या शांतपणे म्हणाल्या, "अहो, एक सांगिटलं तर ऐकाल? मला त्या ग्यासच्या भट्टींत घालूं नका. अस्के, झाडून सगळे, तिकडेच नेतात आतां. मला काठावर न्या, आणि माझा विस्तव मला लावा. त्याच्यासाठीच जपला."

"हो," मास्तर म्हणाले.

"नुसतं हो म्हणूं नका. रम्या येऊन घाई करेल."

"नाहीं करूं देणार."

त्या दिवशी मास्तर छत्री घेऊन बाहेर पडले आणि पुरोहितांच्या घरी गेले. शंकरनारायण वाध्यार त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, मास्तरांचेच विद्यार्थी. बाहेरच्या ओसरीवर बसून मास्तरांनी तमिळमध्ये, खालच्या पायरीकडे पाहत, सगळं सांगितलं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. सांगायला पाच मिनिटंही लागली नाहीत.

वाध्यारांनी पानाचा डबा मिटला. "सार, एवढंच ना? गेलेला अग्नी पुन्हा आणता येतो. अर्ध्या तासाचं काम. पण तुम्ही दोघांनी शेजारी बसायला हवं. रुक्मिणी मामींनी दर्भ धरून तुम्हाला हात लावायचा. उशीला टेकून बसल्या तरी चालेल."

"अर्धा तास?"

"तेव्हाही अर्धाच तास लागला असता, सार." मग ते वाक्य आपण बोलायला नको होतं असं वाटून वाध्यार घाईने म्हणाले, "शुक्रवारी नऊला येतो. तोवर मामींना सांगून ठेवा. का मी सांगू?"

"नको. मी सांगतो."

तो दिवस मंगळवार होता. बुधवारी रुक्मिणीबाईंना फार मळमळत होतं, त्या दिवशी कसं सांगणार? गुरुवारी दुपारी त्यांना जरा बरं वाटलं. मास्तरांनी खुर्ची ओढून घेतली. पण सुरुवात करायची कुठून? ज्या गोष्टीची त्यांना सवय होती तिथूनच त्यांनी केली.

"मीडांचं एक अग्निघर सापडलं होतं," ते म्हणाले.

"कापी पिऊन झाली कां तुमची?"

"झाली. ऐक तर. आपल्यासारखाच ओटा होता त्यांचा. वर खळगा." आणि त्यांनी सगळं सांगितलं. भिंत, चिपा, वरच्या विटा. रुक्मिणीबाई डोळे मिटून ऐकत होत्या. मास्तरांना वाटलं झोप लागली. तेवढ्यात त्या म्हणाल्या,

"त्यांनी आधीं विझवून घेतलं, कां पेटतंच होतं आणि वरून घातलं?"

एकोणीस वर्षं मास्तरांनी तो अहवाल वाचला होता. त्यात खळग्याची मापं होती, चिपांचा जाडपणा होता. हे नव्हतं.

"लिहिलेलं नाहीं."

"विझवल्याशिवाय कसं घालतील? घरच भरून गेलं असतं धुरानें. पण विझवायला पुढें कोण झालं असेल हो? आपल्या हातानें?" त्यांनी डोळे उघडून ओट्याकडे पाहिलं. "मी तर नसती झालें. मी म्हटलं असतं, तुम्ही दगड घाला, मी पाण्याला जातें."

मास्तर म्हणाले, "रुक्मिणी, त्या वर्षीं तूं तिरुनीलक्कुडीला गेली होतीस नां, आईच्या वेळेला..."

"थांबा थांबा. बोलतां बोलतां विसराल. आधीं तूस घाला, मग सांगा. हलक्या हातानें."

मास्तर उठले. पोत्यातून तूस काढलं, हलक्या हाताने घातलं, फुंकणीने एक फुंकर दिली. परत येऊन पाहिलं तर रुक्मिणीबाईंना खरोखरच झोप लागली होती, तोंड किंचित उघडं. त्यांना उठवता आलं असतं. खांद्याला हात लावला असता तर त्या उठल्या असत्या. मास्तर उभे राहिले, आणि उद्या सकाळी सांगू, वाध्यार यायच्या आधी, असं स्वतःशी म्हणाले. तेव्हा त्यांना आत कुठेतरी सुटल्यासारखं वाटलं. पुढे त्यांना सगळ्यांत जास्त सललं ते हे सुटल्यासारखं वाटणं.

ती झोप नंतर झोप राहिली नाही. संध्याकाळी हाका मारल्या तरी डोळे उघडले नाहीत. डॉक्टर येऊन पाहून गेले, रम्याला फोन झाला. शुक्रवारी सकाळी सातला, शिवकामी मामी ओठांवर पाणी लावत असताना, रुक्मिणीबाई गेल्या.

नऊला शंकरनारायण वाध्यार दर्भाची जुडी घेऊन दारात आले. बाहेरच्या चपला पाहून काय ते समजले आणि जुडी त्यांनी पंच्याखाली धरली.

रम्या नागपूरहून विमानाने त्रिचीला आणि तिथून टॅक्सीने दुपारी दोनला पोचली. सोबत कीर्ति होती, आता आईच्या उंचीची. रम्या आईच्या पायाशी बसली, रडली, आणि मग रडं थांबवून पदर नीट करू लागली, कपाळावरचे केस मागे सारू लागली. मुलगा नव्हता, सगळं करायचं ते नवऱ्यानेच. मास्तर ओलं धोतर नेसून अंगणाच्या पायरीवर उभे होते. वाध्यार जवळ आले.

"सार, मामींना सांगितलं होतंत?"

मास्तरांनी मान हलवली. नाही.

वाध्यारांनी आजूबाजूला पाहून आवाज खाली घेतला. "आता दोन वाटा आहेत. मडकं आहे तसं उचलून नेलं तर इथे कोणाला काही कळणार नाही. मीही काही बोलणार नाही. दुसरी वाट म्हणजे ज्यांच्या घरी अग्नी राहिला नाही त्यांच्यासाठी विधी आहे, तो करून नवा आणायचा. पण मग मला तसं उच्चारून म्हणावं लागेल. या मडक्यातला विस्तव बाजूला काढावा लागेल. सगळे बघतील."

सगळे म्हणजे कोण? शाळेतले दोन-तीन जुने मास्तर, गल्लीतली माणसं, दूरच्या नात्यातली चार मराठी घरं. मास्तरांना त्यांचं काही वाटलं नाही. त्यांना रम्याचं वाटलं. मडकं तसंच उचललं तर रम्याच्या मनात आईचं चित्र सबंध राहणार होतं. लग्नाचा अग्नी जपत राहिलेली आई, त्यापायी लेकीकडे येऊ न शकलेली आई. रम्या त्यावर रागावली होती, पण त्या रागाला काही अर्थ होता. तो अर्थ आज काढून घ्यायचा का?

आणि इकडे रुक्मिणीबाईंनी एकच मागितलं होतं. माझा विस्तव मला लावा.

मास्तर माजघरात गेले. "रम्या," ते म्हणाले, "हा विस्तव आईचा नाहीं."

त्यांनी ते घरातल्या भाषेत सांगितलं. मार्च महिना, दाबलेलं तूस, काडेपेटी. आवाज बारीक होता, आणि दाराशी उभ्या असलेल्या तमिळ माणसांना बोलणं ऐकू येऊनही कळलं नाही. जी चार मराठी माणसं होती ती बाहेर अंगणात होती. शिवकामी मामींनी तमिळमध्ये विचारलं, "काय म्हणतायत ग? काही हवंय का त्यांना?"

"काही नाही मामी," रम्या तमिळमध्ये म्हणाली. "पाणी मागतायत."

मामी पाणी आणायला गेल्या.

"कुठला मार्च?" रम्याने विचारलं.

"ज्या वर्षीं आजी गेली."

रम्याने बोटांवर महिने मोजले नाहीत, पण मास्तरांना ती मोजताना दिसली. तिने कीर्तीकडे पाहिलं, मग आईच्या चेहऱ्याकडे.

"आईला माहीत होतं?"

"नाहीं."

"मी फोन केला तेव्हां तुम्ही तिच्या शेजारीच होतां."

"हो."

"मला जमायचं नाहीं, असं म्हणाला होतां. मला ऐकूं आलं होतं फोनवर."

मामींनी आणलेलं पाणी मास्तरांनी हातात घेतलं.

"वाध्यारांना सांगा काय तें करायला," रम्या म्हणाली आणि पुन्हा पदराकडे वळली. पदर आधीच नीट होता.

वाध्यारांनी विधी केला. जे मोठ्याने म्हणायचं ते म्हटलं, पण संस्कृतात आणि भरभर. मग ते म्हणाले, "सार, आता मडकं रिकामं करा. पाणी ओतू नका. त्या खळग्यातच राखेखाली झाका, आपोआप शमेल."

विझवायला पुढें कोण झालं असेल हो, असं काल याच वेळी रुक्मिणीबाईंनी विचारलं होतं. मास्तर ओट्यापुढे बसले. मडकं तिरपं केलं. निखारे लाल होते, कालच्या तुसावर छान धरले होते. काडीतून आलेला का होईना, एकोणीस वर्षं रोज दोन वेळा रुक्मिणीबाईंनी याच निखाऱ्यांना तांदूळ घातले होते, यांच्याचसाठी त्या घरी राहिल्या होत्या. मास्तरांनी त्यावर राख ओढली. हात भाजला तो त्यांना संध्याकाळी कळला.

नव्या अग्नीचं तेच मडकं शिंकाळ्यातून घेऊन ते पुढे चालले. कावेरीच्या काठावर, भट्टीच्या पत्र्याच्या शेडच्या पलीकडे, लाकडं रचली होती. मागी लोकांना प्रेत आगीला लावणं पटलं नसतं, असं मास्तर नेहमी वहीत लिहीत आले होते, प्रश्नचिन्ह घालून. आज त्यांच्या मनात त्यातलं काही आलं नाही. त्यांनी सांगितल्याप्रमाणे केलं, आणि मडकं मागे टाकून फुटल्याचा आवाज ऐकून न वळता चालू लागले.

बारा-तेरा दिवस घरात माणसं होती. रम्या सगळ्यांशी बोलायची, वडिलांशी कामापुरतं. जायच्या दिवशी टॅक्सी दारात उभी असताना ती माजघरात आली.

"नागपूरला माझं बोलणं ऐकून हसायचे. आईचं ऐकलं असतं तर आणखीच हसले असते," ती म्हणाली. "मी सासूबाईंना सांगायची, माझ्या आईकडे लग्नाचा अग्नी आहे, अठ्ठावीस वर्षांचा, तीस वर्षांचा, चाळीस वर्षांचा. म्हणून ती येत नाहीं. त्या म्हणायच्या, आई नको म्हणते आहे तुला, अग्नीचं निमित्त. मी भांडायची त्यांच्याशीं."

मास्तर म्हणाले, "चूक माझी..."

"हो," रम्या म्हणाली. "तुमचीच."

तिने कोनाड्यातली फुंकणी उचलली, पितळी कडं पदराने पुसलं आणि पिशवीत आडवी बसेना म्हणून हातातच धरली. कीर्ति आजोबांच्या पाया पडली. रम्याही वाकली, रीत म्हणून. टॅक्सी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोपेडचा आवाज आला. रविशंकर बाहेरगावी गेला होता, त्याला काही कळलं नव्हतं. त्याने नेहमीप्रमाणे पोतं पायरीवर ठेवलं आणि हाक मारली, "अम्मा, बघा, एकदम कोरडं आहे!" मग मास्तरांचं मुंडण केलेलं डोकं पाहिलं आणि तसाच उभा राहिला.

"ऐयो. सार... परत नेऊ का?"

"राहू दे," मास्तर म्हणाले.

तो गेल्यावर त्यांनी पोतं ओढत माजघरात आणलं. ओट्याचा खळगा राखेने अर्धा भरला होता. वर थोडं तूस टाकलं, अगदी सपाट केलं, की मग ओटा मोकळा झाला, त्यावर काही ठेवता येईल, एवढाच विचार त्यांनी केला. मूठ भरून घेतली आणि ती खळग्यावर धरली. पण सोडली नाही.

मूठ पुन्हा पोत्यात रिकामी करून ते खाली बसले. आणि भाजलेला तोच उजवा हात त्यांनी राखेत घातला, मनगटापर्यंत, तळाच्या विटेला बोटं लागेपर्यंत. इकडे चाचपलं, तिकडे चाचपलं. चौदा दिवसांत काही उरणं शक्यच नव्हतं हे त्यांना माहीत होतं. तरी कडेकडेने बोटं फिरवून पाहिलं. राख गार होती, माठाच्या पाण्यासारखी.

मग त्यांनी तूस घातलं. घट्ट दाबायची भीती आता नव्हती, तरी हलक्या हातानेच घातलं.

त्या टेकडीवरही पहिली चीप टाकण्याआधी कोणीतरी असाच हात घालून पाहिला असेल, असं त्यांना वाटलं. दुपारी त्यांनी कपाटातून वही काढली, एकशे एक्केचाळिसावं पान उघडलं, आणि रुक्मिणीबाईंचा प्रश्न जसाच्या तसा लिहिला: त्यांनी आधीं विझवून घेतलं, कां पेटतंच होतं? त्याच्या खाली उत्तर लिहायला त्यांनी पेन टेकवलं. पण लिहिण्याइतका पुरावा त्यांच्याजवळ नव्हता. त्यांनी वही मिटली आणि सकाळपासून हाताला लागलेली राख धुवायला उठले.